जहाज आतून पाहिलं : लक्षद्वीपची सफर

कोकणातल्या मुस्लिम घरांना समुद्र परका नाही. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस जहाजावर असतो. कुणी खलाशी, कुणी सारंग, कुणी इंजिनात. आमच्या दादी-नानींची पिढी मुंबई बंदरातून जहाजानेच हजला जात असे. ती समुद्रमार्गाची हजयात्रा १९९५ साली थांबली आणि त्यानंतर आम्हा बायकांचं जहाजाशी नातं उरलं ते फक्त वाट पाहण्याचं. माझे पतीही जहाजावर नोकरी करतात. वीस वर्षं मी त्यांना निरोप देत आले, पण स्वतः कधी जहाजाची शिडी चढले नव्हते.

माझी एक मैत्रीण शेजारच्या गावात शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी तिचे पती वारले. तेव्हापासून ती दोन मुलांसह भावाच्या घरी राहते. कोचीहून सरकारी जहाजाने लक्षद्वीपची पाच दिवसांची सफर निघते, हे तिनेच शोधून काढलं. घरात अर्थातच चर्चा झाली. दोघी बायका, तेही भर समुद्रात, सोबत कोण? पतींनी फोनवरून होकार दिला होता. उरलेला विषय माझ्या सासूबाईंनी संपवला. "माझी जिंदगी जहाज परत यायची वाट बघण्यात गेली. हिला तरी ते आतून बघू दे."

रत्नागिरीहून कोकण रेल्वेने एर्नाकुलम आणि तिथून बंदर. आमचं जहाज होतं 'एम. व्ही. कवरत्ती', सुमारे ७०० प्रवासी नेणारं. इथे रात्र जहाजावर आणि दिवस बेटावर अशी रीत असते. रात्री जहाज चालतं, सकाळी नव्या बेटासमोर उभं राहतं. बेटाभोवतीचं पाणी उथळ असल्यामुळे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. जहाजाच्या पोटातलं दार उघडतं, खाली छोटी होडी लाटेवर वरखाली होत असते, आणि ती वर आली की नेमक्या क्षणी पाऊल टाकायचं. दोन्ही बाजूंनी खलाशी हात धरतात. पहिल्या दिवशी आम्ही कलमा पढतच उतरलो. तिसऱ्या दिवशी मैत्रीण माझ्याआधी उतरून मला हाका मारत होती.

जहाजावर नमाजची सोय करणं अवघड गेलं नाही. प्रवासात कस्र असल्याने चार रकातींच्या दोन होतात. किबल्याची दिशा मात्र दर वेळी विचारून घ्यावी लागे, कारण जहाज वळत राहतं. फजरनंतर डेकवर उभं राहिलं की चारी बाजूंना फक्त पाणी. कुरआनात समुद्रात चालणाऱ्या जहाजांना अल्लाहची निशाणी का म्हटलंय, ते तिथे न सांगता कळतं.

लक्षद्वीप हा १९५६ साली झालेला केंद्रशासित प्रदेश. वस्ती फक्त दहा बेटांवर, जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या २०११च्या जनगणनेप्रमाणे ६४,४७३. त्यातले ९६ टक्क्यांहून अधिक मुसलमान. राजधानी कवरत्तीला उजरा मशिदीचं कोरीव लाकडी छत पाहिलं. हे लाकूड समुद्रातून वाहत आलेलं, असं तिथले लोक सांगतात. प्रवाळाच्या बेटावर नदी नाही, ओढा नाही. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो, त्यावर विहिरी. म्हणून २००५ साली कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारला गेला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करून घ्यायचं आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने ती वाफ थिजवायची. दिवसाला एक लाख लिटर. हे मी विद्यार्थ्यांसाठी वहीत लिहून आणलं.

दुसरं बेट कल्पेनी. १८४७च्या वादळाने किनाऱ्यावर आणून टाकलेला प्रवाळाच्या तुकड्यांचा बांध तिथे अजून आहे. आणि लक्षद्वीपमध्ये मुली सर्वांत आधी शाळेत गेल्या त्या याच बेटावर. पण आम्ही थबकलो ते एका अंगणात. नारळपाणी देणाऱ्या बाईंना मैत्रिणीने वाटाड्याकरवी विचारलं, "हे घर तुमच्या सासऱ्यांचं का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आईचं. माझ्यानंतर माझ्या मुलींचं."

तिथे घराण्याला 'तरवाड' म्हणतात आणि ते आईकडून चालतं. घराण्याच्या सामाईक मिळकतीला 'शुक्रवारची' आणि स्वतः कमावलेल्या मिळकतीला 'सोमवारची' मालमत्ता म्हणतात. सोमवारची शरीयतप्रमाणे वाटली जाते. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी याच बेटाचा अभ्यास करून १९६९ साली 'मॅट्रिलिनी अँड इस्लाम' हे पुस्तक लिहिलं. आपल्याकडे तरवाडाची रीत नाही, पण मुलीचा वाटा तर कुरआनानेच ठरवून दिलाय. तरीही किती बहिणी 'भावाला माफ केला' म्हणून तो सोडून देतात! मागितला तर माहेर तुटेल ही भीती असते. मैत्रीण त्या रात्री डेकवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाऊ चांगला आहे गं. पण त्या घरात मी पाहुणी नाही, एवढं तरी मला माहीत असायला हवं होतं."

शेवटचं बेट मिनिकॉय, बाकीच्या बेटांपासून सुमारे २०० किलोमीटर दक्षिणेला. इतर बेटांवर मल्याळमची बोली, इथे मात्र मालदीवची भाषा. तिला 'महल' म्हणतात. लिपी थाना, उर्दूसारखीच उजवीकडून डावीकडे. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांपासून घेतलेली आहेत, हे ऐकून माझ्यातल्या उर्दूच्या बाईला फार गंमत वाटली. १८८५चं दीपगृह चढून गेलो. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर काम करतात. गावाचा कारभार बऱ्याच अंशी बायका पाहतात. गावात पुरुषांचा प्रमुख वेगळा आणि स्त्रियांची प्रमुख वेगळी. माझा नवरा जहाजावर आहे म्हटल्यावर तिथल्या बायकांनी मला हाताला धरून बसवलं. भाषा कळत नव्हती, पण बोटं मोजून 'किती महिने?' असं विचारलेलं लगेच कळलं.

ज्यांना जायचं असेल त्यांनी परवान्याची तयारी आधीच करावी. त्याशिवाय बेटांवर प्रवेश नाही. पावसाळा टाळावा. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे आणि अंगभर कपड्यांची रीत आहे, त्यामुळे आपल्या बायकांना तिथे अवघडल्यासारखं होत नाही. उलटीच्या गोळ्या आणि रोख पैसे जवळ ठेवावेत. प्रवाळाचा तुकडाही उचलू नये, तो गुन्हा आहे.

परत आल्यावर मैत्रिणीने भावाला आणि मोठ्या बहिणीला एका जुम्मानंतर जेवायला बोलावलं आणि वडिलांच्या घराचा विषय शांतपणे काढला. भाऊ आधी दुखावला, मग म्हणाला, "कागद बघू." कागद अजून बघून झालेले नाहीत. पण बहिणी-भावांचं बोलणं सुरू आहे आणि रविवारचं जेवणही एकत्रच होतंय, अलहमदुलिल्लाह.