साक्षीला आत्या

२०२४ च्या फेब्रुवारीत एका दुपारी बायकोचा मेसेज आला, "मंजूर!" मी मीटिंग अर्धवट सोडून बाहेर आलो आणि तिला फोन लावला. दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. संध्याकाळी घरी शिरा झाला आणि पाच वर्षांच्या लेकीला आम्ही सांगितलं, "आईचा अर्ज पास झाला."

मी साधा बी.ई. झालेला सॉफ्टवेअर इंजिनियर. संशोधन करते ती बायको. काँक्रीटला आतून भेग जाते तेव्हा अगदी बारीक आवाज होतो. तो सेन्सरने टिपायचा आणि पूल कुठे कमजोर होतोय ते ओळखायचं, हा तिचा विषय. अमेरिकेत सहा लाखांहून जास्त पूल आहेत, आणि २००७ साली मिनियापोलिसचा पूल कोसळून १३ माणसं गेली ते इथे कुणी विसरलेलं नाही.

एरवी ग्रीन कार्डासाठी कंपनीने जागेची जाहिरात द्यायची, स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवायचं आणि मग अर्ज करायचा. पण 'नॅशनल इंटरेस्ट वेव्हर' नावाच्या सवलतीत संशोधक स्वतःच अर्ज करू शकतो. तिच्या कसोट्या २०१६ च्या डिसेंबरमध्ये 'धनसार' नावाच्या निकालाने ठरल्या. तो अर्जदारही इंजिनियरच होता, विमानविद्येतला संशोधक. तीन गोष्टी पटवून द्यायच्या: कामाला मोल आहे आणि देशाच्या दृष्टीने महत्त्व आहे, ते पुढे नेण्याची या माणसाची तयारी आहे, आणि नोकरीच्या ऑफरची अट सोडण्यात देशाचा फायदा आहे.

आमच्या जेवणाच्या टेबलावर चार महिने हेच चाललं होतं. तिचे पेपर, ते कुणी कुठे वापरले त्याची यादी, प्राध्यापकांची सात पत्रं. त्यातले तिघे तर तिला कधी भेटलेलेही नव्हते, फक्त तिचं काम ओळखत होते. मी झेरॉक्स काढायचो, पानांना नंबर घालायचो.

मंजुरी आली म्हणजे ग्रीन कार्ड आलं असं नाही, हे तुमच्यापैकी अनेकांच्या आईबाबांना चांगलं ठाऊक असेल. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं निघतात, त्यात नवरा-बायको-मुलंही मोजली जातात, आणि एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. देश म्हणजे पासपोर्टचा नव्हे, जन्माचा. बायकोची तारीख मार्च २०२३ ची. २०२५ च्या मे महिन्यात भारतासाठी त्या रांगेत जानेवारी २०१३ चालू होतं. मधलं दहा वर्षांचं अंतर दहा वर्षांत कापलं जाईल असंही नाही.

वकीलबाईंनी अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, "दोघांचे जन्मदाखले आहेत ना?"

बायको पुण्याच्या हॉस्पिटलात जन्मली, तिचा होता. माझा नव्हता. माझा जन्म करजगीचा, कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपूर तालुक्यात, घराच्या मागच्या खोलीत, सुईणीच्या हातून. नोंद कुणी केलीच नाही. अशा वेळी 'नोंद आढळत नाही' असा सरकारी दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं लागतात. वकीलबाई म्हणाल्या, "नंबर यायला वेळ आहे, पण कागद आत्ताच करा. साक्षीदार थांबत नाहीत." माझे आई-बाबा दोघेही आता नाहीत. उरली होती ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या.

मे महिन्यात सोलापूर, अक्कलकोट करत करजगीला गेलो. तहसील कचेरीत तीन फेऱ्या झाल्या. दाखल्यावर जिल्हा 'कलबुर्गी' आणि माझ्या जुन्या कागदांवर 'गुलबर्गा'. जिल्ह्याचं नाव २०१४ साली बदललं, तेव्हा ते समजावणारी एक ओळ आलीच.

खरी अडचण घरी आली. माझी कागदोपत्री जन्मतारीख १ जून १९८८. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "तू कारहुणवीच्या दुसऱ्या दिवशी झालास. बैलांच्या शिंगांना लावलेला रंग माझ्या हाताला तसाच होता, अन् तसंच तुला घेतलं मी." पंचांग काढून बघितलं, तो जूनचा अगदी शेवट निघाला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलं होतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो.

मी म्हटलं, "आत्या, एक जून म्हणालीस तर सगळं सोपं होईल."

"मास्तरानं लिवलं म्हणून माझी कारहुणवी बदलती व्हय?" आत्या म्हणाली. "शपथेवर सांगायचंय ना? मग झालं तेच सांगणार."

रात्री वकीलबाईंना फोन केला. वाटलं, वैतागतील. त्या म्हणाल्या, "आत्याबाई बरोबर आहेत. त्यांना आठवतं तेच लिहू द्या. शाळेची तारीख कशी पडली ते वेगळं लिहून जोडू. जुळवलेल्या कागदापेक्षा खरा कागद बरा." मला स्वतःची लाज वाटली. प्राध्यापकांच्या सात पत्रांत एकही शब्द वाढवायचा नाही, असं बायकोने बजावलं होतं. आणि मी आत्याला तारीख शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी अफजलपूरला स्टँपपेपरवर कन्नडमध्ये मजकूर झाला. शेजारच्या काकांनी सही केली. त्या रात्री सुईणीला बोलवायला तेच धावले होते. आत्याने अंगठा उमटवला आणि विचारलं, "नंबर कधी लागंल तुमचा?"

"दहा-पंधरा वर्षं लागतील, आत्या."

"मग बरं झालं, आत्ताच आलास."

परतीच्या वाटेवर मी तिच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. आता तो स्टँपपेपर आणि त्याचं इंग्रजी भाषांतर बायकोच्या फाइलमध्ये, सात पत्रांच्या मागे आहे. लेकीचा जन्मदाखला तर मागवल्यावर टपालाने घरपोच आला होता.

तुमचे आईबाबा, काका, मामा घरी जन्मले असतील तर पुढच्या भारतवारीत एक दुपार त्यासाठी ठेवा. कोण हजर होतं ते विचारा, लिहून घ्या, सही घ्या. आणि तारीख त्यांना सांगू नका, त्यांची त्यांना सांगू द्या.