एक ते पाच

सकाळी फास्ट लोकल पकडणाऱ्या डोंबिवलीकराला आपलं गाव दुपारी कसं दिसतं हे रविवार सोडून ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. फोर्टातल्या एका ऑफिसात हिशेब लिहायचे आणि परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन गवार मोडत यायचं, यात बरीच वर्षं गेली. लेक झाली, नोकरी सोडली आणि मग दुपार दिसली. फडके रोडवरची काही दुकानं अर्धं शटर ओढून पेंगत असतात. कुरिअरवाला आमच्या जिन्यात बसून डबा खातो. समोरच्या गॅलरीत एक आजी काठी घेऊन वाळवण राखतात आणि कावळे त्यांना मुळीच भीत नाहीत.

आता लेक तिसरीत आहे, दुपारच्या शाळेत. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका कर सल्लागाराला एक ते पाच या वेळात येणारं माणूस हवं होतं. गाडी नाही, पास नाही, धक्काबुक्की नाही. मी हो म्हटलं आणि रुजू व्हायला महिन्याभराची मुदत मागून घेतली.

अडचण अशी, की मी नोकरी सोडली ती २०१७ च्या सुरुवातीला आणि जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. माझी हयात व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्समध्ये गेलेली. सगळी बाजारपेठ नवा कर शिकत होती तेव्हा मी बाळाच्या झोपेच्या वेळा शिकत होते. मग हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅली ईआरपी ९ जाऊन टॅली प्राइम आलं, २०२० मध्ये. लॅपटॉपवर ते उघडलं तर पडद्याचा चेहरामोहराच बदललेला. मी बावरून बघत राहिले, पण बोटं थांबली नाहीत. एफ पाच पेमेंट, एफ सहा रिसीट, एफ सात जर्नल, एफ आठ विक्री, एफ नऊ खरेदी. त्या कळा जिथल्या तिथे होत्या. डोकं आठवत बसलेलं असताना बोटांनी व्हाउचर उघडलंसुद्धा. स्वयंपाकघरात दूध उतू जाण्याच्या बेतात होतं, तेही कळत होतं. हा कान मात्र आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे नव्हता.

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, कराचे दर बदलले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट अठरा टक्क्यांवरून पाचवर आली, तूप-लोणी बारावरून पाचवर आणि लेकीच्या वह्यांवरचा कर बारावरून शून्यावर. मी वाण्याची बिलं टेबलावर पसरून बसले. क्लासला जायची गरजच उरली नाही. शाम्पू कितीला पडायचा, कितीला पडतो हे ज्या बाईला तोंडपाठ आहे, तिला दरपत्रक पाठ करायला कितीसा वेळ लागणार? शिवाय त्या आठवड्यात मुरलेले अकाउंटंटही माझ्याबरोबर पुन्हा पहिलीत बसले होते, याचं थोडं समाधान वाटलं. खोटं कशाला बोला.

अभ्यास झाला, बँकेतलं जुनं पगाराचं खातं मात्र झोपलेलं होतं. दोन वर्षं काही देणं-घेणं झालं नाही की खातं निष्क्रिय होतं. केवायसीचे कागद देऊन ते जागं केलं. हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते घर.

घरातली कुठली वस्तू कुठे आहे हे ठाऊक असणं हेही एक कामच असतं, पण ते कुणाला दिसत नाही. लसीकरणाची फाइल, गुरुवारचे पीटीचे बूट, हिंगाची डबी, व्हॅनकाकांचा दुसरा नंबर हे सगळं माझ्या डोक्यात. नवरा भला माणूस आहे, मदतीला कधी नाही म्हणत नाही, पण मदत करताना दर दोन मिनिटांनी विचारतो, "हे कुठंय?" म्हणून रुजू होण्याआधी मी उत्तर न देण्याचा सराव केला. एका शनिवारी दोघांना घरात सोडून वाचनालयात जाऊन बसले. फोन टेबलावर उपडा ठेवला. तो थरथरत हळूहळू टेबलाच्या कडेकडे सरकत होता आणि शेजारचे पेन्शनर आजोबा कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होते. मी उचलला नाही. घरी आले तेव्हा लेकीने पोह्यांत साखर जास्त घातली होती आणि हिंगाची डबी भलत्याच फडताळात गेली होती. ती मी तिथेच राहू दिली.

पावसाचं गणित वेगळं. आमच्याकडे रेड अलर्ट आला की शाळेला सुट्टीचा आदेश रात्री उशिरा मोबाइलवर येतो, आणि कर सल्लागाराला काही सुट्टी नसते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, असं २०१७ च्या सुधारित मातृत्व लाभ कायद्यात आलं. माझ्या ऑफिसात माझ्यासकट चार डोकी. अर्धवेळ कामं असतात ती बहुतेक असल्याच ठिकाणी, जिथे कायद्याचा हात पोचत नाही. तेव्हा शेजारच्या काकूंशी करार केला: पावसात लेक त्यांच्याकडे, त्यांच्या पेन्शनचं रिटर्न माझ्याकडे.

नातेवाईक म्हणाले, "बरं झालं, तेवढाच वेळ जाईल." २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात असं निघालं, पुरुषांची ८८. म्हणजे मी मागत असलेल्या चार तासांहून मोठी बिनपगारी नोकरी घरात आधीच चालू आहे. वेळ घालवायला मला नोकरी लागत नाही.

पगार विचारायला सांगितलं ते सासूबाईंनी. त्यांचं बालपण गिरगावातलं. १९५९ मध्ये तिथल्या एका गच्चीवर सात जणींनी उसने ऐंशी रुपये घेऊन लिज्जत पापड सुरू केला. सकाळी मळलेलं पीठ घरी आणायचं, घरचं बघत लाटायचं, पापड नेऊन द्यायचे आणि मजुरी घ्यायची, ही पद्धत सासूबाईंनी जवळून पाहिलेली. फोनवर म्हणाल्या, "बाकीचं राहू दे गं, पैसे किती देतायत?" मी गप्प. मी तोपर्यंत फक्त वेळेचं बोलले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन आकडा ठरवून आले. पाचनंतर 'घरून जरा बघाल का' हे चालणार नाही, आणि अकरा नि वीस या रिटर्नच्या तारखांना थांबावं लागलं तर त्याचे पैसे वेगळे, हेही बोलून घेतलं. साहेब जरा चपापले. पण मान्य झालं.

तुम्हीही अशा तयारीत असाल तर टॅली नंतर शिका, हे आधी बोलून घ्या. चार तासांच्या पगारात आठ तासांचं काम काढून घेणं फार सोपं असतं, आणि आपण 'घरी बसलेल्या' बायका 'दिलं काम तेच खूप' म्हणत ते करतो.

आणखी एक. जीएसटीचं रिटर्न नंबर एक अकरा तारखेपर्यंत जातं, थ्री-बी वीस तारखेपर्यंत, आणि वीसला पोर्टल मुंगीच्या पावलाने चालतं. तेव्हा आप्तेष्टांना विनंती, की कुठल्याही महिन्याच्या वीस तारखेला आमच्याकडे जेवायला येऊ नये. आलातच तर कुकर नवरा लावेल, आणि हिंग तुमचं तुम्ही शोधायचं.