नाणेघाट ते अजिंठा : फाल्गुनातील एक वाट

महाराष्ट्रातील प्राचीन लेणी ज्या डोंगरांत कोरली गेली, त्यांतले बरेचसे डोंगर एखाद्या जुन्या घाटवाटेच्या किंवा व्यापारी मार्गाच्या आसपास आहेत, असे इतिहासग्रंथांत अनेकदा वाचायला मिळते. परंतु त्या विधानाचा पुरता अर्थ तीच वाट सलग चालून गेल्यावर उलगडतो. प्रस्तुत लेखकाने एका फाल्गुनात कोकणातून निघून नाणेघाट, जुन्नर, पैठण, वेरूळ, पितळखोरे आणि अजिंठा असा जो मोटारप्रवास केला, त्याचे हे कथन आहे. फाल्गुन निवडण्याला कारण होते: पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या पायऱ्या या दिवसांत कोरड्या असतात, वैशाखाची काहिली अजून दूर असते, आणि पानगळ झालेल्या रानात पळस-पांगारा फुललेला असताना कड्यांतील लेण्यांची तोंडे दुरूनही दिसतात.

कोकणातून चढणारी नाणेघाटाची वाट आजही पायवाटच आहे. मोटारीला माळशेज घाटाने वर येऊन जुन्नरच्या बाजूने घाटमाथा गाठावा लागतो. खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख असून, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, हत्ती आणि कार्षापण, म्हणजे तत्कालीन नाणी, यांची मोजदाद आकड्यांत केलेली असल्याने भारतीय अंकचिन्हांच्या अभ्यासात त्याला मोठे स्थान आहे. राजकुटुंबाच्या प्रतिमा नष्ट झाल्या असून आता त्यांची कोरलेली नावे आणि पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकली जात, अशी परंपरा आहे.

घाट चढून आलेला माल जिथे पहिल्यांदा विसावे, त्या जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत 200हून अधिक लेणी आहेत. त्यांपैकी तुळजा लेण्यातील चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी कोरलेले दालन, वर्तुळाकार असून स्तूपाभोवती 12 खांब उभे आहेत. लेण्याद्रीवर भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेला एक विहार आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान म्हणून गजबजलेला असतो. येथील शिलालेखांत दाते म्हणून यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे किंवा पश्चिमेकडून आलेले लोक, आणि धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे त्या व्यवसायाचा संघ, यांचे उल्लेख आढळतात; ते वाचताना डोंगर कोरण्यामागचा पैसा कोणाचा होता, हे स्पष्ट होते.

गोदाकाठचे पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरी प्रवासवर्णनात तेथून भडोच बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या मालाची नोंद आहे. संत एकनाथांनी 1599 मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला देह ठेवला, म्हणून नाथषष्ठीच्या सुमारास पैठणकडे येणारे रस्ते दिंड्यांनी भरून जातात, आणि प्राचीन व्यापारी नगराकडे जाणारी वाट आजही माणसांनी वाहती असल्याचे प्रत्यक्ष दिसते.

वेरूळच्या 34 लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तिन्ही परंपरा एकाच डोंगरउतारावर शेजारी नांदतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडले जाणारे कैलास लेणे कळसाकडून पायाकडे कोरत आणले आहे. मार्चच्या पूर्वार्धात येथील दहाव्या लेण्यात चैत्यगवाक्षातून, म्हणजे दर्शनी भागावरच्या मोठ्या खिडकीतून, उतरत्या उन्हाची तिरीप बुद्धमूर्तीच्या मुखावर पडते.

या संपूर्ण मार्गाचे मर्म मात्र कन्नडजवळच्या पितळखोऱ्यात हाती लागते. दरीत उतरणाऱ्या पायऱ्यांनी तेथे पोहोचल्यावर ढासळलेल्या चैत्यगृहातील खांबांवर जे लेख दिसतात, त्यांतील एकात प्रतिष्ठानच्या गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या, कुळातील मित्रदेवाने दिलेल्या दानाची नोंद आहे. पैठण मागे टाकून आलेल्या प्रवाशाला पैठणच्याच व्यापाऱ्याचे नाव या निर्जन दरीत भेटते, तेव्हा दूरदूरची वाटणारी ही स्थळे एकाच समाजाने, एकाच वाटेवर उभी केली होती, याचा सज्जड पुरावा समोर उभा राहतो.

वाघोरा नदीच्या वळणावर कोरलेली अजिंठ्याची 30 लेणी या क्रमात शेवटी पाहण्यात विशेष लाभ आहे, कारण त्यांतील नवव्या आणि दहाव्या लेण्यांचे जुनेपण पितळखोरे पाहिलेल्याला लगेच ओळखू येते. वाकाटक सम्राट हरिषेणाचा सचिव वराहदेव याने दान केलेल्या सोळाव्या लेण्यात आणि शेजारच्या सतराव्यात चित्रकला परिपक्व झालेली दिसते. ही चित्रे माती-भुशाचा गिलावा व त्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर रंगवलेली असल्याने ओलाव्याने आणि स्पर्शाने त्यांची फार लवकर हानी होते.

अजिंठा आणि वेरूळ यांना 1983 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्यांच्याकडे जगाचे लक्ष आहे. पितळखोरे, तुळजा आणि नाणेघाट यांना मात्र मोजकेच अभ्यासक व गिर्यारोहक भेट देतात. वारसा सुट्या स्थळांत मोजला जातो तोवर ही उपेक्षा टळणार नाही. म्हणून या संपूर्ण मार्गाचे एकसंध वारसा म्हणून जतन व्हावे, आणि मराठी वाचकांनी अजिंठा-वेरूळला जाताना किमान एक दिवस पितळखोऱ्यासाठी राखून ठेवावा, अशी आग्रहाची विनंती आहे.