दर्याकडची भिंत

दापोली तालुक्यात समुद्राच्या काठाला आमचे गाव आहे आणि गावाबाहेर, उघड्या माळावर, आमची बौद्धवाडी. गावातील बागायतदारांची घरे माडापोफळीच्या आड आहेत. वारा आधी माडांना लागतो, मग घराला. आमच्या वाडीला तो आडोसा नाही. वाडी नेमकी तेथेच का वसली, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा खारे पाणी घेऊन सरळ आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर येतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला निम्मा आपल्याकडे आडवा पडतो, असे आमचे बाबा म्हणत.

ही भिंत आम्ही नुकतीच नव्याने झाकून घेतली. नोकरी मुंबईत आणि म्हातारी माणसे गावच्या घरात, अशी कुटुंबे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. म्हणून ही घरची हकीकत लिहीत आहोत.

आमच्या लहानपणी ती भिंत कुडाची होती. कारवीच्या काठ्या आणि वर शेणामातीचा लेप. वैशाख संपता संपता तिच्यावर बाहेरून झाप बांधायचे. झाप म्हणजे माडाची झावळ मधोमध चिरून, पाण्यात भिजत घालून, हाताने विणलेली चटई. आषाढात चार दिवस झड लागली की झापांतूनही पाणी आत येई, माती गळून पडे आणि कारवीच्या फटींतून दर्या दिसे. आम्ही भावंडे चुलीच्या बाजूला सरकून झोपत असू. बाबासाहेबांची तसबीर आमच्या घरात कायम पूर्वेच्या भिंतीला असायची. पश्चिमेच्या भिंतीवर काही टिकत नसे.

१९९५ साली बाबांनी नोकरीतील फंड काढून जांभ्या चिऱ्याच्या भिंती बांधल्या आणि त्यांना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आम्ही तेव्हा दहावीला होतो. पक्के घर झाले म्हणून वाडीला जेवण दिले होते, ते आठवते. दोनच पावसाळ्यांत पश्चिमेच्या गिलाव्याला लोणा लागला. आधी पांढरी बुरशीसारखी भुकटी, मग फुगवटे, मग पापुद्रे. बाबा दरवर्षी त्यावर सिमेंट फासत. २००६ साली वैतागून त्यांनी भिंतीवर पत्रे ठोकून घेतले. थेट भिंतीवर, लोखंडी खिळ्यांनी. ऊन पडले की घर लांबून चकाकायचे. वाडीत त्या वेळी आमचेच घर तसे दिसत होते आणि बाबांना त्याचा अभिमान होता. २०१२ साली बाबा गेले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दापोली-मंडणगडलाही त्याने सोडले नाही. टाळेबंदीचे दिवस, आम्ही मुंबईत अडकलेलो, फोन बंद. तीन दिवसांनी ताईच्या मुलाकडून कळले की आई सुखरूप आहे आणि पश्चिमेचे निम्मे पत्रे माळावर पडले आहेत. पुढे पंचनामा झाला. कौले जागेवर आणि भिंत उभी, त्यामुळे कागदावर ‘अंशतः नुकसान’ एवढेच आले. आम्ही स्वतः कारकून आहोत. कागदावरच्या त्या शब्दावर भांडून काय मिळते हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून भांडलो नाही. उरलेले पत्रे तारेने बांधून आणखी चार वर्षे काढली.

त्या चार वर्षांत आईचा खोकला वाढला. तिची खाट पश्चिमेच्या खोलीत. आम्ही मुंबईला चल म्हणालो की ती म्हणे, “तुमच्या खोलीत माझी खाट बसंल, पर मी बसायची कुठं?” तिचे म्हणणे खरेच होते.

म्हणून २०२४ च्या मे महिन्यात आम्ही, दादा आणि ताई असे तिघे गावी जमलो. भिंत बत्तीस फूट लांब, नऊ फूट उंच. नवे रंगीत पत्रे, लोखंडी सांगाडा आणि मजुरी धरून अडुसष्ट हजारांचा आकडा एका ठेकेदाराने दिला होता. दादाचे म्हणणे, एवढे पैसे कशाला, त्याच्या ओळखीत पाडलेल्या चाळीचे सिमेंटचे जुने पत्रे फुकट मिळतात. त्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. कापताना, भोके पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि रोग वर्षांनी बाहेर पडतो. खोकणाऱ्या माणसाच्या खाटेजवळ तो पत्रा आम्हाला नको होता. यावरून दोघा भावांत बोलाचाली झाली. ताई मात्र म्हणाली, आधी पत्रा काढून खाली काय आहे ते तरी बघा.

शेजारच्या गावचे सत्तरीचे गवंडी आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांना बोलावले. त्यांनी कोपऱ्यातला पत्रा उचकटला. पत्रा बाहेरच्या बाजूने बरा दिसत होता, आतून चाळणी झाली होती. आम्हाला नवल वाटले. चाचा म्हणाले, बाहेरचे मीठ पाऊस धुऊन नेतो, आतले कोण धुणार? वर पत्रा भिंतीला चिकटवून ठोकलेला, मध्ये हवा खेळायला फटच नाही. आत शिरलेले पाणी आतच राहिले. त्याने खिळे खाल्ले, पत्रा खाल्ला आणि गिलावाही खाल्ला. गिलाव्याचा हातभर तुकडा नुसत्या बोटाने सुटून आला आणि मागचा चिरा मे महिन्यातसुद्धा ओला होता.

चाचांनी त्या तुकड्याची कड मोडली आणि जिभेला लावली. “खारट आहे. वाळू पुळणीवरची वापरलीय.”

आम्हाला एकदम राग आला. बाबांना कोणत्या गवंड्याने फसवले, असे आम्ही मोठ्याने बोललोही. समुद्राच्या वाळूत मीठ असते. ती न धुता वापरली तर भिंत जन्मभर पाणी ओढत राहते, एवढे कोणत्याही गवंड्याला कळते. आई ओटीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, “कुणी फसवला न्हाई. ती वाळू मीच आणली व्हती.”

नदीच्या वाळूचा ट्रक तेव्हा वाडीपर्यंत येत नव्हता, रस्ता गावातच संपत होता. तेथून डोक्यावर आणायची तर मजुरी परवडत नव्हती. म्हणून आई आणि दोन काकी ओहोटीच्या वेळेला पुळणीवर जात आणि पाट्या भरून आणत. किती खेपा झाल्या ते तिला आठवत नाही. आम्हाला मात्र आठवले की दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत आई संध्याकाळी घरात नसायची आणि भात ताई शिजवायची. आम्ही अभ्यास करीत होतो.

त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी उपाय सांगितला. सिमेंटचा गिलावा सगळा काढायचा. चिरे ब्रशने कोरडे घासून एक पावसाळा जाऊ द्यायचा. मग चुन्याचा गिलावा करायचा, कारण सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल कोंडते, चुन्यातून ती बाहेर पडते आणि मीठही हळूहळू वर येते. त्यावर पावसाळ्यापुरते आवरण घालायचे, तेही भिंतीपासून दोन बोटे दूर. आणि आवरणाला सगळ्यांत स्वस्त काय, तर झाप. दरवर्षी नवे करायचे, गंजण्याची भीती नाही.

आम्हाला हे फार पटले. बी.कॉम.चे शिक्षण अशा वेळी उफाळून येते. आम्ही वहीत हिशेब मांडला. गिलावा अमुक, झापांचा वार्षिक खर्च तमुक, दहा वर्षांत पत्र्यापेक्षा बचत इतकी. वही घेऊन आईपुढे बसलो आणि वाचून दाखवली. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “माझ्या घराला परत झाप न्हाई लागायचा.”

आम्ही पुन्हा आकडे सांगू लागलो. तेव्हा ताईने आमच्या हातातली वही काढून घेतली.

मग आईने जे सांगितले ते आम्ही पूर्वी तुकड्यातुकड्याने ऐकले होते, पण लक्ष दिले नव्हते. लग्न होऊन आली तेव्हापासून, १९७० च्या पुढची दहा-बारा वर्षे, चैत्र-वैशाखात ती बागायतदारांसाठी झाप विणायची. शंभर झापांमागे पायलीभर भात. झावळ्यांच्या पात्यांनी बोटे चिरायची. विणलेले झाप डोक्यावर घेऊन जायचे आणि बेड्याबाहेर ठेवायचे. बेड्याच्या आत पाय टाकायचा नाही. भिंतीला बांधायला दुसरी माणसे. तिने विणलेल्या झापांनी त्यांची घरे चार महिने कोरडी राहत आणि तिच्या स्वतःच्या कुडाला उरलेसुरले, फाटलेले झाप. चिऱ्याची भिंत उभी राहिली त्या दिवशी तिने मनाशी ठरवले होते की आता झापाला हात लावायचा नाही. पुळणीवरून वाळू वाहण्याचा जोर तिला कोठून आला होता, ते आम्हाला त्या दिवशी समजले. तीस वर्षांनी.

आम्ही दर रविवारी वस्त्यांतून फिरतो, सभांत बोलतो. आमच्याच आईला आम्ही वहीतून झाप वाचून दाखवत होतो.

झापाचा विषय तेथेच संपला. २०२४ चा पावसाळा निळ्या मेणकापडावर काढला. डिसेंबरात चाचांनी खड्डा खणून चुनकळी भिजत घातली आणि २०२५ च्या जानेवारीत गिलावा केला. त्यात नदीची वाळू आणि जुन्या पद्धतीने गुळाचे पाणी घातले. चुना सिमेंटसारखा दोन दिवसांत घट्ट होत नाही. आई रोज दोन वेळा गोणपाट भिजवून भिंतीवर टाकत होती. पावसाच्या तोंडावर हे काम काढून उपयोग नाही, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आवरणासाठी चाचा आणि ताईचा मुलगा यांनी मिळून वेगळीच युक्ती काढली. लाकडी रिपांच्या आठ चौकटी केल्या, प्रत्येक चार फूट रुंद आणि आठ फूट उंच. त्यांवर रंगीत पत्रा, खिळ्यांऐवजी रबरी वायसरचे स्क्रू, आणि कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात, कारण गंज कापलेल्या कडेपासूनच सुरू होतो. भिंतीत स्टेनलेस स्टीलचे आकडे बसवले. पावसाआधी चौकटी आकड्यांवर टांगायच्या, खालून आडवी पट्टी मारून आवळायच्या, आणि आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की उतरवून गोड्या पाण्याने धुऊन पडवीत ठेवायच्या. एक बाई आणि एक पोर मिळून एक चौकट उचलू शकतात. हे आम्ही मुद्दाम पाहून घेतले, कारण वाडीत आता तशीच माणसे उरली आहेत.

खर्च झाला चौऱ्याहत्तर हजार तीनशे. म्हणजे ठेकेदाराच्या आकड्यापेक्षाही जास्त. आम्ही पतपेढीतून चाळीस हजार कर्ज काढले आणि दहा हजार हातातले घातले. ताईने बचत गटातून दहा हजार आणले. दादाने पंधरा कबूल केले होते, त्यातले पाच आले आहेत. उरलेले नऊ हजार तीनशे आईने तांदळाच्या डब्यातून काढून दिले. आम्ही नको म्हणालो तर म्हणाली, “मग माझा घर कसा?”

चौकटी जूनच्या पहिल्या आठवड्यात टांगायच्या ठरल्या होत्या. पण २०२५ साली पावसाने कोणाचेच ऐकले नाही. मे महिन्याच्या २६ तारखेला तो मुंबईत दाखल झाला, कोकणात त्याच्याही आधी. आम्ही कचेरीत वर्षअखेरच्या हिशेबांत अडकलेलो. चारच चौकटी लागल्या होत्या. ताई मुलाला घेऊन भर पावसात तीन मैल चालत गेली आणि दोघांनी उरलेल्या चार चढवल्या. आई खालून पट्टी धरून उभी होती, असे भाचा सांगतो. आई म्हणते ती ओटीवर बसली होती. दोघांपैकी कोण खरे बोलते हे आम्हाला माहीत आहे.

पावसाळा गेला. खोलीच्या आतली भिंत पहिल्यांदाच कोरडी राहिली, आईचा खोकला गेला नाही पण रात्रीची झोप लागू लागली. चौकटी उतरवल्या तेव्हा एका चौकटीचा स्क्रू ढिला निघाला, तेवढाच. भिंतीच्या खालच्या दोन फुटांत मात्र पुन्हा पांढरी भुकटी दिसली. आमचे काळीज धस्स झाले. चाचा म्हणाले, घाबरू नका, इतक्या वर्षांचे मीठ एका पावसात थोडेच जाईल? चिऱ्यातले बाहेर येते आहे. पाणी लावू नका, कोरड्या ब्रशने झाडून टाका, अजून दोन-तीन वर्षे येत राहील.

आता आई रोज सकाळी ऊन आले की भिंत झाडते. झाडलेले मीठ करवंटीत गोळा करते आणि दर रविवारी फोनवर आम्हाला सांगते. गेल्या रविवारी म्हणाली, या आठवड्याला करवंटी अर्धीच भरली.