दुर्मिळ काडतुसाचा मोह

मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबानें परवाना काढून रिव्हॉल्व्हर बाळगावें कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें करीत नाहीं. घ्यावयाचेंच तर हत्याराआधीं काडतूस पाहावें, एवढेंच आमचें म्हणणें. अमेरिकेंत १८९६ सालीं निघालेलें बत्तीस बोअरचें लांब काडतूस तिकडे केव्हांच मागें पडलें. आपल्याकडे मात्र नऊ मिलिमीटरचें सामान्य नागरिकास मना, म्हणून तेंच चालतें, आणि पुण्याजवळ खडकीच्या जुन्या कारखान्यांत होतेंही. उलट अनवट मापाचें विलायती हत्यार देखणें खरें, पण गोळीवांचून तें रात्रीं काय राखणार? शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच हत्यारें ठेवतां येतात. त्यांतील एक जागा तें अडवून बसतें. हौसच असेल, तर आधीं परवानाधारक दुकानीं त्या मापाच्या काडतुसांची चौकशी करावी, सौदा मागाहून.