बापानं न बोललेलं वाक्य

आमचं गाव रिसोड तालुक्यातलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिली कथा लिहिली. बाप जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. कथेत गारपीट होते, हातातोंडाशी आलेला हरभरा मातीत जातो आणि धुऱ्यावर उभा राहून बाप म्हणतो, "जीवन म्हणजे नियतीनं मांडलेला खेळ आहे." ते वाक्य मला फार आवडलं होतं. मोठ्या कथेत तत्त्वज्ञान असतं, एवढं ऐकून होतो.

रात्री मायला कथा वाचून दाखवली. ती तूर निवडत होती. सगळी ऐकली अन् म्हणाली, "बाबू, तुहा बाप असा नव्हता बोलत."

"मंग काय बोल्ला तो?"

"काहीच नाई. घरी आला, बैलाले पानी पाजलं अन् न जेवता निजला. सकाऊन उठून मले म्हने, बियाच्या पोत्याले उंदरं लागले, फळीवर ठेव."

मी वही मिटली.

त्याच वर्षी महानुभावांचा 'दृष्टांतपाठ' हाती आला. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केसोबासांनी त्यात मांडलेत. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीचा उलगडा. आंधळे हत्ती चाचपतात, ती गोष्ट त्यातही आहे. आमच्या आजीला ती पाठ होती. सूत्राचं नावही तिनं ऐकलं नव्हतं.

मग उद्धव शेळक्यांची 'धग' वाचली, १९६० सालची. आपल्याच वऱ्हाडीत बोलणारी कौतिक संसारासाठी राबत राहते. तिच्या दुःखाचा अर्थ लेखक मधे येऊन सांगत नाही. नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर जगण्याबद्दल पुष्कळ बोलतो. पण धाकटी बहीण मनी जाते, तिथं त्याचा थट्टेचा सूर गळून पडतो, अन् जगण्याला अर्थ आहे का, हा प्रश्न आपल्याच छातीवर येऊन बसतो. तत्त्वज्ञान दोन्हीकडं आहे. दार्ष्टांतिक तेवढं वाचणाऱ्यावर सोडलंय.

मी नियतीचं वाक्य खोडलं. तिथं बैल, पाणी अन् बियाचं पोतं लिहिलं. मायला पुन्हा वाचून दाखवलं. ती बराच वेळ सुपात खडा शोधत राहिली.

"हं," म्हणाली, "असाच होता तो."