आठांपैकी पाच

मराठीचा प्राध्यापक बास्केटबॉलचा पंचही आहे, असे कळले की ऐकणारा आधी माझ्या चष्म्याकडे पाहतो आणि मग पोटाकडे. त्यांचे काही चुकत नाही. सकाळी वर्गात पद्मावर्तनीच्या आठ मात्रा शिकवायच्या आणि संध्याकाळी मैदानावर आठ सेकंद मोजायचे, हा माझा कैक वर्षांचा क्रम आहे. आठाच्या आकड्याशी माझे काही ऋणानुबंध असावेत.

अमरावतीत वाढलेल्या मुलाला मैदान चुकवता येत नाही. १९१४ साली स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या गावात आहे, तिथे काखेत पुस्तक घेऊन निघालेला मुलगाही मातीत लोळूनच घरी येतो. मंडळाची माणसे १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकला गेली आणि तिथे त्यांनी आपल्या हुतूतूचे प्रयोग करून दाखवले, ही कथा आम्हांला रामायणासारखी ऐकवली जाई. त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉलला प्रथमच ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात, चिखलात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. चिखलात चेंडू उसळेना, मग गुण कुठून व्हायचे! हे दोन खेळ एका गावात एकाच वेळी होते, याची मला फार गंमत वाटते. कारण हुतूतूत घड्याळ खेळाडूच्या छातीत असते. दम तुटला की चढाई संपली. वाद घालायला जागाच नाही. (आता चढाईलाही तीस सेकंदांची मर्यादा आहे, पण दम अजून लागतोच.) बास्केटबॉलमध्ये मात्र घड्याळ दुसऱ्याच्या हाती असते. कित्येकदा ते माझ्या हाती असते.

जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ साली हा खेळ काढला तेव्हा तेरा नियम लिहिले. त्यांत बाहेर गेलेला चेंडू पाच सेकंदांत आत टाकावा, असा एक आहे. म्हणजे सेकंद मोजण्याची कटकट पहिल्या दिवसापासूनची! पुढे आघाडी मिळालेले संघ चेंडू आपल्याच अर्ध्यात घेऊन वेळ काढू लागले, तेव्हा १९३२ साली अमेरिकेत दहा सेकंदांचे बंधन आले. आंतरराष्ट्रीय नियमांत २००० साली दहाचे आठ झाले. चेंडू ताब्यात आल्यापासून आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची. ऐकायला सोपे. मोठ्या स्पर्धांत टोपलीच्या वर चोवीस सेकंदांचे घड्याळ उलटे धावत असते, त्यावरून आठही कळतात. आमच्या सिमेंटच्या मैदानांवर पंचाचा हात हेच घड्याळ. मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणत हात हलवायचा. घड्याळ लावून मी याची तालीम केलेली आहे, आणि मात्रांची सवय असल्यामुळे आपला ताल बिघडत नाही, अशी माझी समजूत होती.

गेल्या डिसेंबरात अकोल्याला एका महाविद्यालयाच्या मैदानावर सामना होता. शेवटचे मिनिट, आणि एका गुणाने पुढे असलेला संघ आपल्या अर्ध्यात चेंडू घेऊन अडकलेला. समोरच्या पोराने झडप घातली, चेंडू त्याच्या बोटांना लागून बाहेर गेला आणि थेट कुंपणापलीकडच्या नालीत पडला. तो काढून, पुसून आणेपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्यात एक खेळाडू बदलला, टेबलावरच्या माणसाने मला गुण विचारले, मी सांगितले. चेंडू आला तेव्हा मी जोडीदार पंचाला म्हणालो, “पाच झालेत. तीन उरले.” चेंडू आत आला, पोराच्या हाताला लागला, मी तीन मोजले आणि शिट्टी फुंकली. त्याचा एक पाय रेषेपलीकडे होता; दुसरा पाय आणि चेंडू अलीकडे. चेंडू दुसऱ्या संघाला मिळाला, त्यांनी दोन गुण केले आणि सामना संपला.

हरलेल्या संघाचे प्रशिक्षक धावत आले. “सर, बॉल त्यायच्या पोट्ट्याच्या हाताले लागून बाहेर गेला. मंग आमाले नवे आठ कायले नाई? अन् पाय तं पार झाला होता नं!”

दोन्ही शंका मला पाठ होत्या. मी खडू मागवला आणि सिमेंटवर रेषा काढून समजावले. विरोधी खेळाडूचा नुसता हात लागून चेंडू बाहेर गेला, तर उरलेलेच सेकंद मिळतात. त्याने फाऊल केला असता किंवा मुद्दाम पायाने चेंडू अडवला असता, तर नवे आठ मिळाले असते. आणि चेंडू उसळवत नेणाऱ्याचे दोन्ही पाय व चेंडू, तिन्ही पलीकडे गेल्यावाचून रेषा ओलांडली असे होत नाही. मी उदाहरणे दिली. ओघात एक कोटीही केली. प्रशिक्षकांनी शेवटी मान डोलावली, म्हणाले, “नियम हाये तं हाये, सर,” आणि पोरांना घेऊन गेले. पराभूत माणसाने इतके निमूट ऐकून घ्यावे, याचा मला त्या क्षणी आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरच्या अलीकडे माझी झोप उडाली. याच अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. त्या तासांना, मिनिटांना साक्षीदार होते. माझ्या पाचाला कोण होते? चेंडू बाहेर गेला तेव्हा माझा हात चारवर होता की पाचवर? मी पुन्हा पुन्हा ती झडप डोळ्यांपुढे आणली. नालीतला चेंडू दिसे, पुसणारे पोर दिसे, हात दिसत नसे. ‘पाच’ हा आकडा मी आठवून सांगितला नव्हता. टेबलाकडून मान वळवताना तो तोंडातून निघाला होता. वर्गात एखादे साल विसरलो की ज्या ठाम आवाजात जवळपासचे साल ठोकून देतो, त्याच आवाजात. चार असते तर पोराला चार सेकंद उरले होते, आणि एका सेकंदात दुसरा पाय नक्की आला असता.

त्या गृहस्थांनी नियम विचारला होता. मी नियमात शंभर टक्के बरोबर होतो आणि त्या बरोबरीच्या आडोशाला निवांत उभा होतो. मोजणी त्यांनी विचारलीच नाही. विचारली असती तर मी काय केले असते, ते मला ठाऊक आहे. त्याच आवाजात पुन्हा ‘पाच’ म्हणालो असतो.

जानेवारीत त्यांचाच फोन आला. पोरांना नियम नीट सांगायला एकदा या म्हणाले. मी गेलो. पुन्हा खडू, पुन्हा रेषा. मागे बसलेल्या एका पोराने हात वर केला. “सर, मधी बॉल बाहेर गेला तं कितीवर होते, हे तुमी ध्यानात कसं ठेवता?”

मी डावा हात पुढे केला आणि बोटे मिटून दाखवली. चेंडू बाहेर गेला की जेवढे सेकंद झाले तेवढी बोटे मिटायची, पाचांच्या वर गेले तर अंगठ्याने पेरी धरायची, आणि चेंडू पुन्हा आत येईपर्यंत मूठ उघडायची नाही.

“पयलेपासून असंच करता काय, सर?”

“नाही,” मी म्हणालो. “त्या डिसेंबरच्या सामन्यानंतर करतो. त्या दिवशी पाच होते की चार, ते मला आजही सांगता येत नाही.”

पोरे प्रशिक्षकांकडे पाहू लागली. ते बाकावर बसून पिशवीतले चेंडू मोजत होते. त्यांनी मोजणी थांबवली, थोडा वेळ माझ्या मुठीकडे पाहिले, आणि मग पहिल्या चेंडूपासून पुन्हा मोजायला लागले.